बाळू पालवणकर : एका हरलेल्या उमेदवाराची गोष्ट



स्मरणिकेत एक विभाग थोरामोठ्यांच्या चरित्रांचा असावा असे ठरले आणि प्रत्येकाने एक नाव निवडायचे असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा ग्रुपवर भराभर नावे आली. छत्रपती शिवाजी महाराज, सावित्रीबाई, डॉ. कलाम, आणि नेवाशाचे म्हणून अर्थातच ज्ञानेश्वर माउली. मी बाळू पालवणकर असे लिहिले. दोघातिघांनी विचारले, हे कोण? एकाने विचारले, आपल्या तालुक्यातले का? तालुक्यातले नाहीत आणि जिल्ह्यातलेही नाहीत. तरी त्यांच्यावरच का लिहावेसे वाटले ते शेवटी सांगते. आधी त्यांची गोष्ट.

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. कुटुंब मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, आडनाव त्यावरूनच पडले. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडील सैन्याच्या नोकरीत होते, त्यामुळे बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांचे लहानपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन दोघे भाऊ क्रिकेट शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे भाऊही याच वाटेने गेले.

शाळा लवकर सुटली आणि बाळूंना पुण्यातल्या पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात काम मिळाले. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा आणि कधीमधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथेही काम तेच. मात्र त्यांच्या डाव्या हाताची फिरकी तिथल्या साहेबांच्या लक्षात आली. कॅप्टन ग्रेग हा तेव्हाचा नावाजलेला फलंदाज. तो सरावाला तासभर आधी येऊन बाळूंना गोलंदाजी करायला लावी आणि जितक्या वेळा बाळू त्याला बाद करतील तितक्या वेळा आठ आणे देई, अशी गोष्ट सांगतात. पैशांची गोष्ट खरी असो वा रचलेली, बाळूंचा हात तिथे तासनतास घासून तयार झाला हे नक्की. याच क्लबातली आणखी एक गोष्ट मला जास्त लागली. इतकी वर्षे चेंडू टाकले, पण सरावाच्या जाळ्यात त्यांच्या हाती बॅट कधी कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची, चेंडू टाकणे नोकराचे.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांच्या क्लबाला हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज हवा होता. पण अस्पृश्याला संघात घ्यायचे कसे, यावर क्लबात बरीच वादावादी झाली. शेवटी घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाकीचे खेळाडू आत बसून कपबशीत चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवायला वेगळे ताट, वेगळी जागा. हे त्यांनी निमूट सोसले आणि बळी घेत राहिले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध सामना ठरला, तेव्हा बाळूंची फिरकी चालू नये म्हणून तिथली खेळपट्टी आधी कित्येक दिवस दाबून दाबून पक्की केली होती. बाळूंनी तिच्यावरही सात बळी घेतले. हळूहळू वेगळ्या ताटाचा नियम ढिला पडत गेला. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी त्यांचा जाहीर गौरव केला.

१८९६ मध्ये प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याच्या संघात जागाही मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले याचा आनंद देशभर झाला, आणि त्या विजयात अस्पृश्य मानलेल्या दोन भावांचा वाटा होता हेही सुधारकांनी लोकांच्या नजरेला आणून दिले.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीच्या घरात होते, तरी त्यांनी दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यांना मानपत्र देण्यात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या एका तरुणाचा पुढाकार होता, असे अभ्यासक सांगतात. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. हे नाव इथे लक्षात ठेवा.

बाळूंच्या प्रथम श्रेणीच्या सामन्यांची नोंद ३३ सामने आणि १७९ बळी अशी आहे. बळीमागे साधारण १५ धावा. एवढे असूनही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. दरवर्षी चर्चा व्हायची आणि दरवर्षी एखाद्या उच्चवर्णीयाला कर्णधार केले जायचे. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळले आणि विठ्ठलचा हक्कही डावलला, तेव्हा भावांनी जाहीर निषेध करून खेळायचे नाकारले. बराच गदारोळ झाला. अंतिम सामन्यासाठी भावांना परत बोलावले आणि बाळूंना उपकर्णधार केले. कर्णधार मैदानाबाहेर गेला तेवढा वेळ त्यांनी संघ चालवला. तेवढेच. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याच्या हाताखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवले. थोरल्याला जे मिळाले नाही ते धाकट्याला मिळाले.

आता राजकारणाकडे येते. खेळातून निवृत्त झालेले बाळू दलित समाजातले एक मानाचे नाव होते. त्यांची वाट समजुतीची होती. आपण काम चोख करावे, समोरच्याचे मन वळवावे, हिंदू समाजात राहूनच हक्क मिळवावेत. त्यांच्या आयुष्यात ही वाट, सावकाश का होईना, थोडीफार चालली होती. मातीच्या भांड्यातल्या चहापासून ते उपकर्णधारपदापर्यंत आले होते. आंबेडकरांचा अनुभव आणि निष्कर्ष वेगळा होता. १९२७ चा महाडचा सत्याग्रह झाला, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, दारे उघडली नाहीत. हक्क कोणाच्या मर्जीवर ठेवायचे नाहीत, ते कायद्याने आणि सत्तेने घ्यायचे, असे त्यांचे ठाम मत झाले होते.

१९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले आणि गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याविरुद्ध उपोषण सुरू केले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याऐवजी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. मुंबई प्रांताच्या वाट्याला अशा १५ जागा होत्या. या करारावर सह्या करणाऱ्यांत आंबेडकरही होते आणि बाळूही. आंबेडकरांनी नाइलाजाने केली, बाळूंनी पटून केली. एका कागदावर दोघांची नावे आहेत, मनात मात्र दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

पुढच्याच वर्षी बाळू हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढले आणि हरले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात, म्हणजे आपल्यापासून काही तासांच्या रस्त्यावर, आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बाळूंना ती पटली नाही आणि त्यांनी तसे उघड सांगितले.

१९३५ च्या कायद्याखाली पहिल्या प्रांतिक निवडणुका १९३७ च्या सुरुवातीला झाल्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागा होत्या. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता आणि ते स्वतः भायखळा-परळच्या राखीव जागेवरून उभे होते. गिरण्या, चाळी, रेल्वेची वर्कशॉपे असा तो सगळा कामगारांचा भाग. तिथे त्यांच्याविरुद्ध कोण उभा राहणार? काँग्रेसने बाळूंचे नाव काढले.

या लढतीची कल्पना करा. एका बाजूला कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेले बॅरिस्टर, गोलमेज परिषदेला जाऊन आलेले, ऐन पंचेचाळिशीतले नेते. त्यांची माणसे चाळीचाळीत होती. दुसऱ्या बाजूला साठी ओलांडलेले निवृत्त गोलंदाज. भाषणाची सवय नाही, स्वतःची संघटना नाही. आंबेडकरांसमोर उभे राहायची त्यांची स्वतःची इच्छाही नव्हती. काँग्रेसच्या आग्रहाखातर ते उभे राहिले. जाणत्यांच्या लेखी ही लढत सुरू होण्याआधीच संपली होती.

त्या वेळची मतदानाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. मत सगळ्यांना नव्हते. घरभाडे, मालमत्ता, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यांनाच होते. मतदारसंघ संयुक्त होता, म्हणजे राखीव जागेच्या उमेदवाराला सवर्णही मत देऊ शकत होते. शिवाय मुंबई प्रांतात एका मतदारसंघातून जितके प्रतिनिधी निवडायचे तितकी मते प्रत्येक मतदाराला असत आणि ती सगळी तो एकाच उमेदवाराला देऊ शकत असे. लहान समाजालाही आपला माणूस निवडून आणता यावा म्हणून ही सोय होती. त्यामुळे त्या निवडणुकीतला मतांचा आकडा म्हणजे तितकी माणसे असे समजू नये. आकडे वाचण्याआधी ते कसे तयार झाले ते पाहावे, ही माझ्या नोकरीने लावलेली सवय इथे उपयोगी पडली.

निकाल लागला. आंबेडकर १३,२४५. बाळू पालवणकर ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबले. आंबेडकरांसारख्या माणसासमोर, त्यांच्याच भागात, इतकी मते? त्यातली किती काँग्रेसच्या लाटेची, किती सवर्णांची, किती आपल्या जुन्या खेळाडूवरच्या प्रेमाची, हे मतपेटी वेगवेगळे करून सांगत नाही. लाट मोठी होतीच, त्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. पण मला वाटते, त्या मतांत काही अशीही असतील जी बाळूंना तीस वर्षे मैदानाच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्यांची होती.

तरी स्पष्ट लिहायला हवे. बाळू हरले हे त्या मतदारसंघासाठी बरेच झाले, असे मला वाटते. आंबेडकरांनी त्याच वर्षी विधानसभेत खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध ते सभागृहात आणि रस्त्यावरही लढले. हे काम बाळूंच्या हातून झाले नसते. आणि ज्यांनी बाळूंना उभे केले, त्यांनी त्यांचा उपयोगच केला असे म्हणावे लागते. आयुष्यभर ज्याला कर्णधार केले नाही, त्याला आंबेडकरांसमोर मात्र पुढे केले. जाळ्यात चेंडू टाकायला जसा नोकर, तसाच हा उमेदवार. ज्याच्या मानपत्रासाठी तरुण आंबेडकरांनी धावपळ केली, त्यालाच त्यांच्यासमोर उभे केले गेले.

पण एवढ्यावरून बाळूंना बाहुले समजणे हाही अन्यायच होईल. संयुक्त मतदारसंघावर त्यांचा मनापासून विश्वास होता. सही त्यांनी स्वतः केली होती आणि त्या विश्वासाची किंमत पराभवाने मोजली. आंबेडकरांची वाट जास्त खरी ठरली असे आज मागे वळून म्हणता येते. पण त्या वाटेवर चालणाऱ्या पहिल्या पिढीला, आपलाही माणूस जिंकू शकतो हे ज्यांनी आधी दाखवून दिले त्यांत हा गोलंदाज होता. विठ्ठलने १९४८ मध्ये आपले आत्मचरित्र लिहिले म्हणून या भावांची हकिकत आपल्यापर्यंत आली. बाळू स्वतः काही लिहून गेले नाहीत. १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर दीड वर्षाच्या आत बाबासाहेबही गेले.

आता, मी हे नाव का निवडले ते सांगते.

आपल्या वर्गात नववीला वर्गप्रतिनिधीची निवडणूक झाली होती, आठवते? मी उभी होते. माझ्याविरुद्ध जो उभा होता त्याचे नाव लिहीत नाही, बॅचमधल्या सगळ्यांना ते कळेलच. तो आपला सगळ्यात चांगला गोलंदाज. शनिवारी शाळा सुटल्यावर शिपाई मामांबरोबर तो गंजका रोलर ओढायचा. कॅप्टन मात्र ज्याच्या घरून बॅट आणि पॅड यायचे तोच असायचा. मी मैदानाच्या कट्ट्यावर मैत्रिणींबरोबर बसून कितीतरी सामने पाहिले, पण त्याला फलंदाजी करताना पाहिल्याचे मला आठवत नाही. आपण कोणी कधी विचारलेही नाही. तो कोणत्या वस्तीतून यायचा हे मात्र सगळ्यांना माहीत होते.

निवडणुकीत मी ३१ विरुद्ध २२ अशी जिंकले. टाळ्या वाजल्या, त्याच्यावर थोडे हसूही झाले. मागच्या वर्षी ग्रुपवर जुन्या गोष्टी निघाल्या तेव्हा त्याने सहज लिहिले की त्याला उभेच राहायचे नव्हते. बिनविरोध निवड बरी दिसत नाही म्हणून त्याला उभे राहायला सांगितले होते. खाली हसरा चेहरा टाकला होता. मी त्या मेसेजला अंगठा दाखवून पुढे गेले. नंतर कित्येक दिवस तो मेसेज डोक्यातून जाईना. त्याच सुमारास बाळूंची गोष्ट वाचनात आली आणि २,०२० मतांच्या फरकापाशी मला आपला नववीचा वर्ग दिसला.

माझी ३१ मते कुठून आली ते मला माहीत आहे. माझे मार्क, माझे घर, शिक्षकांची माझ्यावरची मर्जी. त्याची २२ कुठून आली याचा मी तीस वर्षांत विचार केला नव्हता. इतकी मुले त्याला मत देत होती आणि आम्ही हसत होतो. मित्रा, हे तुला तेव्हाच सांगायला हवे होते. तू हरला नव्हतास, तुला आम्ही मोजलेच नव्हते. त्याबद्दल मी तुझी मनापासून माफी मागते.

आपल्या नेवाशात संन्याशाची मुले म्हणून समाजाने बाहेर ठेवलेल्या भावंडांपैकी एकाने खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली. त्या खांबाच्या दर्शनाला आपण लहानपणापासून शाळेच्या रांगेतून जात आलो. बाहेर ठेवलेल्याला पुढे डोक्यावर घेणे आपल्याला चांगले जमते. तो समोर असताना त्याला आत घेणे मात्र अजून शिकायचे आहे.

स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर जुन्या विद्यार्थ्यांचा सामना आहे. संयोजकांना माझी एक विनंती आहे. रोलर या वेळी आपण बाकीच्यांनी ओढावा. आणि नाणेफेक कोणीही जिंको, पहिली फलंदाजी त्याला द्यावी. मी कट्ट्यावर असेन, पहिल्या चेंडूपासून.



तुमची वर्गमैत्रीण,
दहावी, १९९५ ची बॅच